तेच पाणी

कैगाच्या अणुवीज प्रकल्पाला माझा विरोध होता. आज तो नाही. गोव्यातल्या साखळी गावात माझ्या ओळखीच्या बहुतेकांना हे एव्हाना कळलंय. काहींना ते रुचलेलं नाही. बाजारात गाठ पडली की ‘तुम्हीसुद्धा?’ एवढंच विचारून ते दुसऱ्या विषयाकडे वळतात. उभ्या उभ्या सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे, म्हणून लिहायला बसलो. माझं मत कुणाच्या भाषणाने बदललं नाही, विजेच्या टंचाईनेही नाही. ते पाण्याच्या रसायनशास्त्राने बदललं. त्या शास्त्रावरच माझं पोट चाललं, त्यामुळे हा बदल माझ्या गळी उतरायला बराच काळ जावा लागला.

आधी विरोधाचं सांगतो. काणकोण ओलांडलं की कारवार, आणि कारवारहून काळी नदीच्या काठाकाठाने आत गेलं की कैगा. गोव्यातल्या नद्या ज्या सह्याद्रीतून उतरतात, त्याच्याच रानात अणुभट्ट्या बसवायचं ठरलं तेव्हा आमच्यातले अनेकजण अस्वस्थ झाले. ज्ञानपीठ मिळालेले शिवराम कारंत 1989 साली, उतारवयात, याच प्रश्नावर लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले. ते हरले, पण माझ्यासारख्यांच्या मनात त्यांनी घर केलं. मग 13 मे 1994 रोजी, बांधकाम चालू असतानाच, कैगाच्या एका अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचा काँक्रीटचा थर कोसळला. इंधन अजून आलेलंच नव्हतं, म्हणून किरणोत्साराचा प्रश्न उद्भवला नाही. पण ज्या घुमटाने सगळं आत कोंडून ठेवायचं तोच टिकत नसेल तर पुढे काय बोलायचं, असं मी तेव्हा प्रत्येकाला ऐकवत असे. तो सवाल आजही चुकीचा वाटत नाही. घुमटाचा आराखडा बदलून तो नव्याने बांधावा लागला, ही नोंद सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तरी माझ्या विरोधाचं खरं मूळ माझ्या नोकरीत होतं. मी पाणी तपासणारा माणूस. नदीचं पाणी आत येणार, त्यातला गाळ बसवायचा, रेतीच्या फिल्टरमधून काढायचं, क्लोरीन घालून नळाला सोडायचं, ही साखळी ज्या प्रयोगशाळेच्या आकड्यांवर चालते तिथे माझी वर्षं गेली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमची वाळवंटी नदी एका रात्रीत तांबडी होते. डिचोली तालुक्यात खाणींच्या मातीचे डोंगर उभे राहिल्यापासून तर तो रंग अधिकच गडद झाला. लोखंडाची ती बारीक माती पाण्यात बसता बसत नाही. अशा सकाळी आम्ही जार टेस्ट लावायचो. सहा काचेची भांडी ओळीने, प्रत्येकात तेच गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण थोडं थोडं वाढवत नेलेलं. वरून पाती फिरतात, आधी जोरात, मग अगदी सावकाश. पहिल्या भांड्यात काहीच होत नाही. तिसऱ्या-चौथ्यात बारीक कण एकमेकांना धरू लागतात, त्यांचे गोळे डोळ्यांना दिसू लागतात आणि पाती थांबली की तळाशी जातात. सहाव्यात तुरटी जास्त झालेली असते, तिथे पाणी पुन्हा धूसर. जे भांडं सगळ्यात नितळ, तो त्या दिवसाचा डोस. दुपारी वर घाटात पाऊस पडला की तो डोस बाद, पुन्हा सहा भांडी.

हे सगळं केलेल्या माणसाला एकच गोष्ट पक्की कळते. पाणी कधीही एकसारखं राहत नाही, आणि तुम्ही कायम त्याच्या एक पाऊल मागे असता. म्हणून अणुभट्टीत पाण्याच्या शुद्धतेला फार महत्त्व असतं हे कुठेतरी वाचलं, तेव्हा माझा विरोध आणखी घट्ट झाला. नळाचं पाणी थोडं गढूळ आलं तर लोक तक्रार करतात, आम्ही डोस वाढवतो. अणुभट्टीत चूक झाली तर तक्रार कोण कुणाकडे करणार? पाण्याच्या भरवशावर असली गोष्ट उभी करू नये, हे माझं ठाम मत होतं आणि ते अनुभवातून आलेलं होतं.

माझी एक भाची तारापूरला रसायन विभागात लागली. तिथल्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या. कैगातल्या चारही त्याच कुळातल्या, फक्त 220 मेगावॉटच्या. चतुर्थीला ती घरी आली की आमचा वाद ठरलेला. एकदा मी माझा जार टेस्टचा मुद्दा तिच्यापुढे मांडला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, “मामा, तुझ्याकडे रोज नवी नदी येते. माझ्याकडे नवं पाणी येतच नाही. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं.”

हे एवढं साधं वाक्य मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. त्या रात्री झोप लागेना. माझ्या सगळ्या अनुभवाचा पाया होता तो येणाऱ्या पाण्याचा लहरीपणा. तोच काढून घेतला तर माझ्या मुद्द्यात उरलं काय?

त्यानंतर मी या विषयाची पुस्तकं, अहवाल, जे मिळेल ते वाचत गेलो, आणि दर चतुर्थीला तिची उलटतपासणी घेत गेलो. जे कळलं त्यातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटलं तेवढं इथे सांगतो.

साध्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा असतो. तो वेगळा काढत काढत जड पाणी करायचं. आपल्याकडे अलिबागजवळ थळला त्याचा कारखाना आहे. हे पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे 11 टक्के जड असतं आणि साधारण 101.4 अंशांना उकळतं. नैसर्गिक युरेनियम जाळायचं तर न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हवा, पण न्यूट्रॉन गिळता कामा नयेत. साधं पाणी ते गिळतं, जड पाणी फारसं गिळत नाही. म्हणून न्यूट्रॉन मंद करणाऱ्या जड पाण्याची शुद्धता 99.75 टक्क्यांच्या आसपास राखावी लागते. इथे साधं पाणी हीच भेसळ. पावसाळ्यातली दमट हवासुद्धा शत्रू.

आणि हे जड पाणी दोन ठिकाणी, दोन वेगळ्या स्वभावांचं ठेवावं लागतं. एक न्यूट्रॉन मंद करणारं, ते कॅलँड्रिया नावाच्या मोठ्या आडव्या टाकीत, कमी दाबाचं, हाताला चटका देईल इतपतच गरम. दुसरं इंधनाची उष्णता वाहून नेणारं, प्रचंड दाबाखाली, तीनशे अंशांच्या जवळ. कैगाच्या एका अणुभट्टीत या गरम पाण्याच्या 306 नळ्या त्या थंड पाण्याच्या टाकीतून आरपार जातात. प्रत्येक नळीभोवती दुसरी नळी, दोहोंच्या मध्ये कार्बन डायऑक्साइड खेळवलेला. त्या वायूत ओल वाढली की कुठेतरी गळतंय हे कळतं.

गरम पाणी अल्कधर्मी ठेवतात, लिथियम हायड्रॉक्साइड घालून, पीएच 10 ते 10.5 च्या दरम्यान. त्यात विरघळलेला ऑक्सिजन अब्जात दहा भागांहूनही कमी. इथे मी थबकलो. आयुष्यभर मी लोखंड ओळखलं ते पाण्यातली घाण म्हणून. शेतात बसलेला लाल गाळ, बादलीच्या तळाचा तांबूस थर, कपड्यांवरचे डाग. आणि कैगातले गरम पाण्याचे कितीतरी पाइप साध्या पोलादाचे! ते गंजून कसे जात नाहीत? उत्तर असं की ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर आणला आणि पाणी अल्कधर्मी ठेवलं, की गरम पोलादावर लाल गंज न चढता मॅग्नेटाइटचा काळा, दाट, घट्ट पापुद्रा चढतो, आणि तोच पोलादाला राखतो. अणुभट्टी सुरू करण्याआधी, इंधन पेटायच्याही आधी, नुसतं गरम पाणी कित्येक दिवस फिरवून हा थर मुद्दाम चढवतात. घावनाचा बिडाचा तवा नवा असताना तेल लावून तापवून तापवून काळा करतात, तसंच. तोच धातू, तोच प्राणवायू. एका प्रमाणात डिचोलीची शेतं लाल करतो, दुसऱ्या प्रमाणात अणुभट्टीची नळी सांभाळतो.

हा थर सुटला तर काय होतं, हे कळल्यावर मला पाण्याच्या तपासणीचं मोल आणखी पटलं. पाइपातून सुटलेले धातूचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर इंधनापर्यंत जातात, तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्यात किरणोत्सारी होतात आणि पुन्हा बाहेरच्या पाइपांवर येऊन बसतात. मिश्रधातूंतल्या कोबाल्टचं कोबाल्ट-60 होतं, ज्याचं अर्धआयुष्य सव्वापाच वर्षांचं. पुढे दुरुस्तीला जो फिटर त्या पाइपाशी पाना घेऊन उभा राहतो, त्याच्या अंगावर किरणोत्साराचा डोस पडतो. म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसाने आज पीएच नीट राखला की नाही, याचा हिशेब काही वर्षांनी एखाद्या कामगाराच्या शरीरात लागतो. भाची तिच्या कामाबद्दल इतक्या पोटतिडकीने का बोलते, ते मला इथे उमगलं.

थंड पाण्याची तऱ्हाच निराळी. ते जवळजवळ निखळ ठेवायचं, विजेचं वहन होऊ नये इतकं. पण कधी कधी त्यात मुद्दाम ‘विष’ घालतात. बोरॉन किंवा गॅडोलिनियम न्यूट्रॉन गिळतात म्हणून त्यांना तिथे हेच नाव आहे. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत, आणीबाणीत भट्टी थांबवायच्या दोन स्वतंत्र व्यवस्थांपैकी एक म्हणजे गॅडोलिनियम नायट्रेट थेट टाकीत सोडणं. ते विरघळलेलंच राहावं म्हणून पाणी तेव्हा किंचित आम्ल लागतं, अल्कधर्मी झालं तर गॅडोलिनियमचा साका बसेल. मग पुन्हा सुरू करताना आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या कॉलममधून पाणी फिरवून ते विष काढायचं. जसजसं पाणी शुद्ध होतं तसतसा भट्टीचा जोर वाढतो. शुद्धीकरण म्हणजे जिथे ऊर्जेचा लगाम सैल करणं, असं ठिकाण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. त्यामुळे रेझिनचा कॉलम कधी जोडायचा आणि किती वेळ, हे एकट्या केमिस्टच्या मर्जीवर सोडत नाहीत. नियंत्रण कक्षाच्या संमतीवाचून तो व्हॉल्व्ह उघडत नाही.

हे रेझिनसुद्धा नवं आणून तसंच ओतता येत नाही. अर्ध्या मिलिमीटरचे ते पिवळसर मणी साध्या पाण्याने भिजलेले असतात. तसेच घातले तर जड पाणी पातळ होणार. म्हणून आधी त्यांच्यातून हळूहळू जड पाणी सोडून साधा हायड्रोजन हुसकायचा. वापरून झाले की उलट, साध्या पाण्याने त्यांच्यातलं जड पाणी परत मिळवायचं. आणि पातळ झालेलं पाणी उंच मनोऱ्यांत निर्वाताखाली उकळून पुन्हा जड करायचं. उत्कलनबिंदूतला फरक जेमतेम दीड अंशाचा, म्हणून मनोरे उंच. आमच्याकडे फिल्टर उलटा धुतला की ते पाणी सरळ गटारात जायचं. इथे थेंबाथेंबाचा हिशेब.

पण मला सगळ्यात आत जाऊन भिडली ती ट्रॉम्बेची हकिगत. 8 ऑगस्ट 1985 रोजी ध्रुव ही संशोधन अणुभट्टी सुरू झाली. तिच्या आराखड्यात आणि उभारणीत अनिल काकोडकरांचा मोठा वाटा होता. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले पुरुषोत्तम काकोडकर हे त्यांचे वडील, म्हणून आम्हा गोवेकरांना त्या नावाचं अप्रूप. भट्टी सुरू झाली आणि पाण्याच्या प्रवाहात इंधनाचे जुडगे थरथरू लागले. त्यांच्यावर ॲल्युमिनियमचं आवरण. ते झिजू लागलं आणि जड पाणी गढूळ झालं.

ॲल्युमिनियमने गढूळ! आमची तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. पाण्यात त्याचं हायड्रॉक्साइड होतं, आणि तेच गाळाला धरून खाली नेतं. ज्या पदार्थाने मी आयुष्यभर पाणी नितळ केलं, तोच ध्रुवमध्ये गढूळपणा होऊन बसला होता. आणि तो काढणार कसा? कण इतके बारीक की फिल्टरमधून निसटतात, आयन नव्हेत म्हणून नेहमीच्या रेझिनला दाद देत नाहीत. पाणी सोडून देऊन नवं भरायचं तर ते जड पाणी, त्याची किंमत कुणाला परवडणार? वरून बाहेरचं काही घालायचं तर साधं पाणी शिरणार. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनतज्ज्ञांनी रेझिनच्या थरातच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार करून त्यावर हे कण पकडायची पद्धत बसवली आणि तिच्यावरचा निबंध जगापुढे ठेवला. इकडे इंधनाची रचना बदलून थरथर थांबवली. 1988 च्या जानेवारीत ध्रुव पूर्ण क्षमतेला पोचली.

ही हकिगत वाचताना मला त्या लोकांचे चेहरे दिसत होते. गढूळ पाण्यापुढे उभं राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. त्यांनी हात टेकले नाहीत, लपवाछपवी केली नाही, उपाय शोधला आणि छापला. माझा विरोध ‘हे माणसांच्याने होणार नाही’ या गृहीतावर उभा होता. होतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा हाताखालून जात असेल तर माणूस त्याला ओळखायला शिकतो.

आता ज्यांनी मला ‘तुम्हीसुद्धा?’ विचारलं, त्यांचा सर्वात वजनदार मुद्दा. 2009 चं काय?

24 नोव्हेंबर 2009 रोजी कैगात कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम जास्त सापडलं. शोध घेतल्यावर तो माग पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी पोचला. कुणीतरी जड पाणी त्यात ओतलं होतं. पन्नासहून अधिक लोकांच्या पोटात ते गेलं. काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदाच्या अखेरच्या दिवसांत होते. हे कुणीतरी मुद्दाम केलेलं कृत्य आहे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

ट्रिटियम ही या सगळ्या शास्त्राची मर्यादा आहे. ड्यूटेरियमने न्यूट्रॉन घेतला की ट्रिटियम होतं. ते पाण्यात मिसळत नाही, ते स्वतःच पाणी असतं. रेझिन कितीही उत्तम असो, क्लोराइड काढील, लोह काढील, बोरॉन काढील, ट्रिटियम काढणार नाही. अर्धआयुष्य 12.3 वर्षं, म्हणजे भट्टी जितकी जुनी तितकं ते साठत जातं. त्याचे बीटा कण त्वचाही भेदू शकत नाहीत, पण प्यायलं किंवा श्वासातून गेलं तर ते अंगभर पसरतं. शरीरातून निम्मं बाहेर पडायला साधारण दहा दिवस लागतात. भरपूर पाणी प्यायला लावणं हाच मुख्य इलाज.

त्या घटनेने अनेकांचा विरोध पक्का झाला आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. जी गोष्ट यंत्राने होणार नाही ती एका माणसाच्या दुष्टाव्याने झाली, हे खरंच आहे, आणि जड पाण्याच्या नमुन्याची एक बाटली बेहिशेबी राहू शकते हे त्याहून गंभीर. तरी माझ्यावर तिचा परिणाम उलटा झाला. ती पकडली गेली ती रोजच्या, कंटाळवाण्या, कुणी न मागितलेल्या तपासणीत. रोज तपासणाऱ्या माणसांवर माझा विश्वास आहे, कारण मी त्यांच्यातलाच. विश्वास नाही तो आकडे कपाटात ठेवण्याच्या सवयीवर. ही बातमी लोकांपर्यंत यायला काही दिवस गेले, ते दिवस मला आजही खटकतात.

म्हणून माझा विरोध गेला तिथे एक अट आली आहे. कैगात पाचवी आणि सहावी, प्रत्येकी 700 मेगावॉटची अणुभट्टी येऊ घातली आहे. कैगाजवळच्या कद्रा जलाशयातल्या आणि खाली कारवारपर्यंतच्या पाण्यातल्या ट्रिटियमचे आकडे दर महिन्याला काळी नदीच्या काठच्या प्रत्येक पंचायतीत, कन्नड आणि कोकणीत लागले पाहिजेत, आणि आपल्याकडच्या मराठी वर्तमानपत्रांतही आले पाहिजेत. मोजणारी प्रयोगशाळा तिथे आहेच, आकडेही आहेत. वर्षाच्या सरासरीत बुडवून ते अहवालात येतात, त्याने माझं समाधान होत नाही. वर्षाची सरासरी लावली तर जूनमधली वाळवंटीसुद्धा नितळ दिसते.

भाचीला हे पटत नाही. ती म्हणते, “मामा, जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरला 10,000 बेकरेल ट्रिटियम चालेल म्हणते, आणि युरोपात 100 च्या वर गेलं की चौकशी सुरू करतात. हे दोन आकडे शेजारी ठेवलेस तर लोक नुसते घाबरतील.” मी तिला सांगतो की दोन्ही आकडे लावा, आणि एक आरोग्याची मर्यादा आहे, दुसरा कुठे गळतंय का ते बघायची खूण आहे, हे चार ओळींत खाली लिहा. डिचोलीतल्या शेतकऱ्याला खाणीच्या गाळाने गढूळपणाचे आकडे वाचायला शिकवलं. काळीकाठच्या माणसाला बेकरेल वाचता येणार नाही असं समजायचं कारण नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण कैगाच्या बाजूने मी कुठेही बोललो तर ही अट आधी सांगतो, मग बाकीचं.